कांदोळीचा पाद्री आणि झोपेचं कारण

पणजीत जुन्या सचिवालयाला लागून, मांडवीच्या अगदी जवळ एक काळसर पुतळा आहे. एक उंच पुरुष दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्या पुढ्यात एक बाई आडवी पडलेली. दर डिसेंबरला आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्यात जायचो. परतीची बस पणजीहून असायची, त्यामुळे हा पुतळा दरवर्षी दिसायचा. मी आजीचा हात घट्ट धरून मुद्दाम नदीकडे बघत चालायचे. तो माणूस त्या बाईला मारतोय असंच मला वाटायचं. आजीला विचारलं तर ती म्हणायची की अगं तो पाद्री आहे, तिला झोपवतोय. पाद्री एका बाईला कशाला झोपवेल, हा प्रश्न मला आठ-नऊ वर्षांची असताना पडला आणि त्याचं नीट उत्तर मागच्या सेमिस्टरला मिळालं.

तो पाद्री म्हणजे आबे फारिया. साहित्यवाल्यांना तो आधी कादंबरीत भेटतो. अलेक्झांडर द्यूमाच्या काउंट ऑफ माँटे क्रिस्टोमध्ये शातो दीफच्या तुरुंगात भुयार खणणारा एक म्हातारा विद्वान पाद्री आहे ना, ज्याचा हिशेब चुकतो आणि तो बाहेर निघायच्या ऐवजी दुसऱ्याच कैद्याच्या कोठडीत निघतो? तोच. द्यूमाने त्याला इटालियन करून टाकलं. आमच्या वर्गात अर्ध्या जणांनी ही कादंबरी वाचलीय (नाहीतर सिनेमा तरी पाहिलाय), पण खरा फारिया बार्देसमधल्या कांदोळीचा, हे सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसेना.

जुझे कुस्तोदियो द फारिया याचा जन्म कांदोळीत 31 मे 1756 रोजी झाला. वडील कायतान व्हितोरिन कोलवाळचे, आई रोझा मारिया कांदोळीची. घराणं मूळचं सारस्वत, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. वडील लग्नाआधी सेमिनरीत होते, ते सोडून त्यांनी लग्न केलं, मुलगा झाला आणि मग नवराबायकोचं पटेना. चर्चची रीतसर परवानगी घेऊन दोघं वेगळे झाले. वडील पुन्हा धर्मशिक्षणाकडे वळले आणि पाद्री झाले, आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात नन झाली, आणि मुलगा वडिलांकडे राहिला. हे वाचताना मी बराच वेळ अडकून पडले. या पोराला देव म्हणजे काय वाटत असेल? एका अर्थी त्याचं घर देवाच्याच नावाने मोडलं होतं, आणि पुढे आयुष्यभर देवाच्याच घरात त्याला राहायचं होतं. हा माझा कल्पनाविलास समजा, पण प्रश्न विचारणारी माणसं कुठून येतात हे शोधायला मला अशाच जागा सापडतात.

1771 मध्ये बापलेक गोव्याहून जहाजाने निघाले आणि नोव्हेंबरमध्ये लिस्बनला पोचले. मुलगा पंधरा वर्षांचा. तिथून पुढे रोम. रोममध्ये प्रोपगांडा फिदेच्या कॉलेजात तो शिकला, मार्च 1780 मध्ये त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षी त्याने डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय काय, तर देवाचं अस्तित्व, त्याचं एकत्व आणि दैवी प्रकटीकरण. तो प्रबंध त्याने पोर्तुगालच्या राणीला आणि राजाला अर्पण केला. पवित्र आत्म्यावर आणखी एक लेखन केलं ते पोप सहावे पायस यांना अर्पण केलं, आणि पोपनी त्याला पेंटेकॉस्टच्या दिवशी आपल्यासमोर प्रवचन द्यायला बोलावलं. कांदोळीचा मुलगा, वय चोवीसच्या आसपास! मी एकवीस वर्षांची आहे आणि माझा प्रोजेक्ट बारा पानांचा झाला तरी घरी पेढे वाटायची भाषा चालली होती.

इथे थोडं थांबते, कारण पुढचं सगळं या शिक्षणावर उभं आहे असं मला वाटतं. त्या काळच्या कॅथलिक धर्मशास्त्रात थॉमस अक्वायनसपासून चालत आलेली एक शिकवण आहे. देव हे पहिलं कारण, पण त्याने निर्माण केलेल्या वस्तूही खरोखरची कारणं असतात. त्यांना दुय्यम कारणं म्हणतात. ऐकायला जड वाटतं. माझ्यापुरतं मी ते आजीच्या सान्नांवरून समजून घेतलं. आमच्याकडे सूर मिळत नाही, म्हणून आजी यीस्ट घालते. पीठ चांगलं फुगलं की ती म्हणते देवाची कृपा. फुगलं नाही की मात्र ती देवाला दोष देत नाही, यीस्टचं पाकीट उलटं करून तारीख बघते. तिच्या डोक्यात या दोन गोष्टींचं भांडण नाही. फुगण्यातला अर्धा वाटा देवाचा आणि अर्धा यीस्टचा अशी वाटणीही ती करत नाही. पाकिटावरची तारीख बघितल्याने तिची श्रद्धा कमी होते असं तिला कधी कुणी सांगितलेलं नाही.

फारियाने पुढे आयुष्यभर हेच केलं. फक्त त्याच्या हातात पीठ नव्हतं, माणसाचं मन होतं.

पण तिथपर्यंत पोचायला तेहतीस वर्षं गेली आणि ती वर्षं अगदी धावपळीची आहेत. रोमहून तो लिस्बनला परतला. तिथे राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि भीतीने त्याची वाचाच बसली, अशी आख्यायिका गोव्यात लहान पोरांनाही ठाऊक असते. खाली बसलेल्या वडिलांनी कोकणीत हळूच सांगितलं की ही समोर बसलेली सगळी भाजी आहे, काप, आणि पोराची जीभ सुटली. खरं किती, खोटं किती, सोडून द्या. मला त्यातली गंमत वेगळीच दिसते. बापाच्या दोन-तीन शब्दांनी मुलाच्या मनातली भीती गेली, म्हणजे शब्दाने मनावर काय होतं याचा पहिला धडा त्याला घरातच मिळाला.

1787 मध्ये गोव्यात पिंटोंचं बंड झालं. पोर्तुगीजांविरुद्धच्या त्या कटात बरेच स्थानिक पाद्री होते, कारण गोऱ्या पाद्र्यांसमोर त्यांना वरच्या जागा मिळत नव्हत्या. कट फुटला आणि पुढच्या वर्षी पंधरा जणांना मृत्युदंड झाला. लिस्बनमध्ये फारिया बापलेकांवरही संशय आला, आणि 1788 मध्ये फारिया पॅरिसला निघून गेला. पॅरिसमध्ये वर्षभरातच राज्यक्रांती! ऑक्टोबर 1795 मध्ये कन्व्हेन्शनविरुद्ध उठलेल्या एका तुकडीच्या पुढे तो होता. ते बंड मोडून काढणाऱ्यांत तरुण नेपोलियन होता, यावरून गर्दी कुठली होती याची कल्पना यावी. 1811 मध्ये तो मार्सेयच्या सरकारी शाळेत तत्त्वज्ञान शिकवायला लागला आणि तिथल्या वैद्यकीय सोसायटीचा सभासद झाला. पुढच्या वर्षी नीमला बदली झाली, तीही खालच्या पदावर. ते सोडून 1813 मध्ये तो पुन्हा पॅरिसला आला. वय सत्तावन्न. अंगावर पाद्र्याचा वेष, सावळा रंग, परकी धाटणीची फ्रेंच. आणि त्याने शहरात चक्क झोपेचे वर्ग सुरू केले.

हे वर्ग कशाचे ते कळायला मेस्मर माहीत हवा. जर्मन डॉक्टर मेस्मर म्हणायचा की सगळ्या विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव भरलेला आहे, तो माणसाच्या अंगात नीट वाहिला नाही की आजार होतो, आणि आपण हात फिरवून तो पुन्हा वाहता करू शकतो. पॅरिसमध्ये त्याच्याकडे झुंबड उडाली. लोक थरथरायचे, किंचाळायचे, बेशुद्ध पडायचे आणि बरेही व्हायचे. 1784 मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए होते. त्यांनी प्रयोग करून निष्कर्ष काढला की असा द्रव बिव काही नाही, हा सगळा कल्पनेचा परिणाम. म्हणजे शास्त्रज्ञांनी कल्पना हा शब्द लिहून फाइल बंद केली. त्याच वर्षी मेस्मरचा शिष्य मार्की द प्युइसेग्यूर याच्या लक्षात आलं की काही माणसं थरथरत नाहीत, शांत झोपी जातात आणि त्या झोपेत बोलतात, चालतात, उत्तरं देतात. फारियाने प्युइसेग्यूरला गुरू मानलं, पुढे आपलं पुस्तकही त्यालाच अर्पण केलं, पण त्याचा चुंबकीय द्रव मात्र घेतला नाही.

11 ऑगस्ट 1813 ला र्‍यू द क्लिशीवरच्या 49 नंबरच्या घरात पहिला वर्ग झाला. मग दर गुरुवारी. प्रवेश फी पाच फ्रँक. बघायला येणाऱ्यांत बायका जास्त असायच्या आणि त्यावरून शहरात कुजबुजही बरीच चालायची. पद्धत अगदी साधी. खुर्चीत आरामात बसायचं, डोळे मिटायचे, मन झोपेवर एकाग्र करायचं. थोड्या वेळाने फारिया मोठ्या, करड्या आवाजात झोपायची आज्ञा करायचा. नाही झोपला कुणी तर स्वतःचा उघडा तळवा डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे टक लावून बघायला सांगायचा आणि तो हळूहळू जवळ न्यायचा. तेवढ्यावर काही जण झोपायचे. झोपलेल्याला पाणी देऊन ही वाइन आहे असं सांगितलं की त्याला वाइनची चव लागायची.

आता बघा, एखाद्या लबाड माणसाने इथे काय केलं असतं? माझ्याकडे शक्ती आहे म्हटलं असतं. अंगावर पाद्र्याचा वेष होताच, त्यात भारतातून आलेला ब्राह्मण (पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतःच तसं छापलं होतं). पॅरिस त्याच्या पाया पडलं असतं. त्याने उलट सांगायला सुरुवात केली. माझ्या अंगातून काही निघत नाही, माझ्या हातात काही नाही, माझ्या इच्छेत तर नाहीच. झोप येते ती झोपणाऱ्याच्या आतून. मी फक्त निमित्त. आपल्या बोटांतून द्रव वाहतो असं मानणारे मॅग्नेटिस्ट यामुळे दुखावले, कारण त्यांचं दुकानच त्यावर होतं. पलीकडे काही धर्मपंडित म्हणत होते की असं माणसाला झोपवणं हे सैतानाचंच काम, आणि एका पाद्र्याने ते करावं म्हणजे कहर. फारिया त्यांनाही तेच सांगत राहिला. इथे सैतान नाही, ही माणसाच्या स्वभावातली गोष्ट आहे.

लक्षात घ्या, सैतान आहे की नाही, हा त्याचा वाद नव्हता. तो पाद्री होता, मिस्सा करत होता, रोमला देवाच्या अस्तित्वावर प्रबंध लिहिलेला माणूस. त्याचं म्हणणं एवढंच की माहीत नाही तिथे सैतान घालायचा नाही आणि देवही घालायचा नाही. आधी कारण शोधायचं. त्याच्या पुस्तकाच्या नावातच कारण हा शब्द आहे, आणि तो शब्द मला रोमच्या वर्गातून आलेला वाटतो.

मी हे इतक्या आवेशाने का लिहितेय ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी एका रिट्रीटला गेले होते. कुठे ते महत्त्वाचं नाही. शेवटच्या दिवशी प्रवचनकार एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत रांगेतून पुढे येत होते, आणि हात ठेवला की माणसं मागे पडत होती. मागे धरायला स्वयंसेवक उभे होते. माझ्या डावीकडची मुलगी पडली, उजवीकडची पडली. मी उभीच. त्यांनी माझ्या डोक्यावर जरा जास्त वेळ हात ठेवला. मी डोळे मिटून मनापासून मागत होते की मलाही पाड. नाही पडले. जेवताना डावीकडच्या मुलीने मला अगदी प्रेमाने सांगितलं की तू मनात काहीतरी अडवून धरलंयस. त्यानंतर कितीतरी महिने मी दोनच उत्तरांमध्ये लटकत होते. एकतर माझी श्रद्धा कच्ची, नाहीतर ते सगळं नाटक. पहिल्या उत्तराने मी रडायचे आणि दुसऱ्याने मिस्सेला गेल्यावर माझं मन लागायचं नाही.

फारियाचं वाचताना मला तिसरं उत्तर दिसलं. त्याने खूप माणसं झोपवायचा प्रयत्न केला आणि त्याला दिसलं की काही चटकन झोपतात, बरेच जण झोपतच नाहीत, आणि हा फरक झोपणाऱ्याचा असतो, झोपवणाऱ्याचा नाही. यात झोपणाऱ्याचं पुण्य नाही आणि न झोपणाऱ्याचं पापही नाही. माझ्या शेजारच्या मुली खोटं वागत नव्हत्या. मीही काही अडवून धरलं नव्हतं. देव त्या हॉलमध्ये होता की नव्हता, हे कोण पडलं आणि कोण उभं राहिलं यावरून ठरवायचंच नव्हतं. माझा प्रश्न यामुळे सुटला असं नाही. प्रार्थनेने आजीचं डोकं दुखायचं थांबतं तेव्हा तिथे नक्की काय होतं, असे नवे दहा प्रश्न उभे राहिले. पण ते प्रश्न घेऊन मी मिस्सेला बसू शकते, हे मला मोठंच वाटलं.

फारियाचं सगळं बरोबर होतं असंही समजू नका. काही माणसं लवकर का झोपतात याचं कारण त्याने त्यांच्या रक्ताच्या पातळपणात शोधलं. ते साफ चूक. त्या झोपेत आत्म्याला दूरचं दिसतं, आजाराचं निदान करता येतं, यावरही त्याचा विश्वास होता. म्हणजे द्रव आणि सैतान बाजूला सारणारा हा माणूस स्वतःच्या शोधात कुठे कुठे वाहवतही गेला. त्याच्या बढाईची एक गोष्ट तर शातोब्रियाँने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. एका मेजवानीत फारिया म्हणे म्हणाला की मी हा छोटा पक्षी नुसत्या प्रभावाने मारून दाखवतो. पक्षी काही मरेना, आणि फारियाला तिथून काढता पाय घ्यावा लागला. शातोब्रियाँ म्हणजे ख्रिस्ती धर्माची थोरवी सांगणारं त्या पिढीतलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक लिहिणारा. त्याच्या लेखी फारिया म्हणजे हसायचा विषय.

हसणं पुढे फार महागात पडलं. एक नट वर्गात आला, झोपल्याचं सोंग केलं आणि ऐन वेळी डोळे उघडून सगळ्यांसमोर फारियाची फजिती केली. 1816 मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर चुंबकवेडाची टर उडवणारं एक प्रहसन आलं, आणि त्यातला हास्यास्पद पाद्री कोण हे प्रेक्षकांना न सांगता कळत होतं. एका सोंगामुळे बाकी सगळे झोपलेले खोटे कसे ठरले हा प्रश्न कुणी विचारला नाही. वर्ग ओस पडले. शास्त्रवाल्यांना तो भोंदू पाद्री वाटत होता, धर्मवाल्यांना बिघडलेला पाद्री, आणि नाटकवाल्यांना दोन्ही.

म्हाताऱ्या फारियाने मुलींच्या एका निवासी शाळेत चॅपलेनची नोकरी धरली. सकाळी मिस्सा आणि उरलेल्या वेळात लिखाण. मला त्याच्या आयुष्यातलं हे चित्र सगळ्यात आवडतं, आणि त्यावर पुतळा नाही. चार खंडांचा बेत होता. त्यातला पहिला खंड 1819 मध्ये आला. विषय जागृत निद्रेचं कारण, आणि जोडनाव माणसाच्या स्वभावाचा अभ्यास. 20 सप्टेंबर 1819 रोजी झटका येऊन तो गेला. वय त्रेसष्ट. पॅरिसमध्ये मोंमार्त्रला त्याला पुरलं, त्या जागेवर नावसुद्धा नाही.

पुढे इंग्लंडमध्ये ब्रेड नावाच्या डॉक्टरने या झोपेला हिप्नॉटिझम हे नाव दिलं. मग फ्रान्समधल्या नान्सी शहरात लिएबो आणि बर्नहाइम यांनी सूचनेने मनावर आणि शरीरावर काय होतं याचा दवाखान्यात बसून अभ्यास केला, आणि लोकांच्या लक्षात आलं की कांदोळीचा तो पाद्री हे आधीच सांगून गेला होता. 1906 मध्ये डॉ. दालगादो या गोमंतकीयानेच त्याचं चरित्र लिहिलं आणि त्याचं पुस्तक पुन्हा बाहेर आणलं. 1925 मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझने हिप्नॉटिझमच्या इतिहासातल्या त्याच्या जागेवर पुस्तक लिहिलं. या मोनिझला नंतर वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि 20 सप्टेंबर 1945 ला, त्याच्या मृत्यूच्या तारखेलाच, पणजीत तो पुतळा उभा राहिला. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, म्हणजे तोही गोव्याचाच.

या डिसेंबरला चोर्ला घाटात मी आजीला ही सगळी गोष्ट सांगितली. रक्त, द्रव, समिती वगैरे भाग तिने खिडकीतून बाहेर बघत ऐकला. मग तिने दोनच गोष्टी विचारल्या. तो शेवटपर्यंत मिस्सा करत होता का? मी हो म्हटलं. आणि त्याच्या आईचं काय झालं? मी म्हटलं, ती मठातच राहिली. मुलगा पंधरा वर्षांचा असताना गेला तो परत कधी गोव्याला आलाच नाही.

फेस्ताची मिस्सा संपल्यावर आजी मला ओढत सांता मोनिकाकडे घेऊन गेली. तिचे गुडघे दुखतात, तरी चढ चढली. भिंतीला हात लावून ती थोडा वेळ ओठ हलवत उभी राहिली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. नंतर पणजीची बस आम्हाला उभ्यानेच मिळाली.